सुझुकी व्ही-स्ट्रॉम ८०० डीई: हायवे, घाट, मुरूम आणि काळी माती

मोठी ॲडव्हेंचर बाईक घ्यायची म्हटलं की आपल्याकडे पहिला प्रश्न पॉवर किती, दुसरा टॉप स्पीड किती, आणि मग मायलेज. वजन किती हे फार कमी लोक विचारतात, आणि माझ्या मते सगळ्यात आधी तेच विचारायला पाहिजे. कारण हायवेला वजन तुमच्या बाजूने असतं आणि डांबर संपलं की तेच तुमच्या अंगावर येतं. व्ही-स्ट्रॉम ८०० डीई चालवताना हे मला पुन्हा पुन्हा जाणवलंय, त्यामुळे हा सगळा रिव्ह्यू त्याच अंगाने लिहितोय. ब्रोशर वाचायचं असेल तर ते शोरूममध्ये मिळतं.

तरी थोडे आकडे सांगावेच लागतील. ७७६ सीसीचं पॅरलल ट्विन इंजिन, ८४ पीएसच्या आसपास पॉवर, ७८ एनएम टॉर्क, २० लिटरची टाकी, पुढे २१ इंची चाक मागे १७ इंची, दोन्हीकडे स्पोक आणि ट्यूबवाले टायर, सस्पेन्शन शोवा कंपनीचं आणि दोन्हीकडे २२० मिमीचा ट्रॅव्हल (म्हणजे चाक किती वर-खाली होऊ शकतं ते), ग्राउंड क्लिअरन्स पण २२० मिमी, सीटची उंची ८५५ मिमी. आणि पेट्रोल भरून वजन २३० किलो. भारतात मार्च २०२४ मध्ये आली तेव्हा एक्स-शोरूम १० लाख ३० हजार होती. नंतर २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीच्या वरच्या गाड्यांवर ४० टक्के जीएसटी लागला, त्यामुळे आत्ताची किंमत शोरूमलाच विचारा, पण रोड टॅक्स, इन्शुरन्स धरून बारा लाखांच्या वर जाणार हे डोक्यात ठेवूनच आत जा.

आधी हायवे, कारण खरं सांगायचं तर अशी गाडी घेणाऱ्याचं सत्तर-ऐंशी टक्के रायडिंग हायवेलाच होतं. मुंबई-पुणे एक्सप्रेसवे दुचाकीला बंद, समृद्धी बंद, अटल सेतू बंद, म्हणजे बारा लाखांची गाडी असली तरी आपल्याला जुना हायवेच. माझा नेहमीचा रस्ता पुणे, सातारा, कराड, कोल्हापूर, तिथून पुढे संकेश्वर-गडहिंग्लज-आजरा करून आंबोली. यात सातारा ते कागल सहापदरीकरणाच्या कामाने मधेमधे डायव्हर्जन, खडी, अर्धवट सर्व्हिस रोड, खरवडलेलं डांबर असं सगळं मिळतं, आणि तिथे या गाडीचे पैसे वसूल होतात. समोरची कार ब्रेक मारून पहिल्या गिअरवर येते, तुम्ही पेगवर, म्हणजे पाय ठेवायच्या दांड्यांवर, नुसतं उभं राहायचं, गुडघे टाकीला लावायचे आणि त्याच स्पीडला पार व्हायचं. सस्पेन्शन इतकं छान काम करतं की खड्डा आहे हे डोळ्यांना दिसतं पण मनगटाला कळत नाही.

इंजिन या गाडीचा जीव आहे. २७० डिग्री क्रँक आहे त्यामुळे आवाजात आणि खेचण्यात व्ही-ट्विनसारखा ठेका येतो, आणि बॅलन्सर दोन आहेत त्यामुळे तो ठेका हातात झिणझिण्या आणत नाही. आपल्याकडे चौपदरी हायवेला दुचाकीची मर्यादा ताशी ८० किमी आहे, आणि ८० ला सहाव्या गिअरमध्ये हे इंजिन अगदी निवांत असतं. मग ८४ पीएस कशाला असं कोणी म्हणेल, तर ते स्पीडसाठी नाहीत हो, मागे पिलियन, दोन बाजूला भरलेले पॅनिअर, वर बॅग असं सगळं घेऊन खंबाटकी चढताना ट्रकच्या मागून बाहेर पडायचं असतं तेव्हासाठी आहेत. गिअर खाली न घालता नुसतं थ्रॉटल दिलं तरी गाडी उचलते. क्विकशिफ्टर दोन्ही बाजूंनी कंपनीकडूनच येतो आणि चांगला आहे, घाटात क्लच न धरता गिअर टाकत जायची सवय लागते. मायलेज मला हायवेला २० ते २२ मिळतं, म्हणजे एका टाकीत पुण्याहून आंबोली करून सावंतवाडी आरामात, वर पेट्रोल उरतं.

हायवेला दोन गोष्टींची उणीव आहे आणि त्या सरळ सांगतो. क्रूझ कंट्रोल नाही. दहा लाखांच्या वरच्या टूरिंग गाडीत २०२४ साली ते नसणं मला पटत नाही, राईड बाय वायर, म्हणजे केबलऐवजी इलेक्ट्रॉनिक थ्रॉटल आहे, म्हणजे अर्धं सामान आधीच गाडीत आहे. दुसरं म्हणजे काच छोटी आहे, आणि वर-खाली करायला टूल लागतं, चालता चालता होत नाही. डीई ही ऑफरोडला झुकलेली आवृत्ती असल्यामुळे काच मुद्दाम छोटी ठेवलीय हे कळतं, उभं राहिलं की ती छातीला आडवी येत नाही, पण लांबच्या राईडला खांद्यांवर वारा येतो. उंच माणसाने मोठी काच धरूनच बजेट करावं.

घाटाबद्दल थोडक्यात. २१ इंची चाक वळणाला जरा वेळ घेतं, १७ किंवा १९ इंची चाकाच्या गाडीवरून आलात तर पहिले काही किलोमीटर हँडलला जास्त सांगावं लागतंय असं वाटेल. नंतर हात बसतो. पुढे ३१० मिमीच्या दोन डिस्क आहेत, ब्रेकला धार आहे पण लांब ट्रॅव्हलमुळे जोरात धरला की पुढचा भाग खाली बसतो, म्हणून ब्रेक वळणाच्या आधी आणि हळूहळू धरत जायचा. आंबोलीत पावसाळ्यात धुकं आणि शेवाळलेला कडेचा भाग असताना मी पॉवरचा जोरकस ए मोड सोडून सी मोडला येतो, थ्रॉटल मऊ होतो आणि मन शांत राहतं. ट्रॅक्शन कंट्रोलला (मागचं चाक घसरण्यापासून आवरणारी यंत्रणा) तीन लेव्हल आहेत, पावसात तीनवर.

आता डांबर संपल्यावरची गोष्ट.

उभं राहायची पोझिशन या गाडीत फार नीट जमवलीय. टाकीची कंबर बारीक आहे, हँडल रुंद आहे, पेगवर उभं राहिलं की पाठ न वाकवता हात हँडलला पोचतात. सहा फुटांच्या माणसाला हँडल वर उचलणारे रायझर लागतील, माझी उंची पाच फूट आठ इंच आहे, मला लागत नाहीत. बसल्यावर मात्र माझे दोन्ही पाय पूर्ण टेकत नाहीत, चवडे टेकतात, आणि उतारावर किंवा दगडावर गाडी थांबवायची वेळ आली की एकच पाय टेकणार आहे हे धरूनच आधी जागा बघावी लागते. हे कमी उंचीच्या लोकांना घाबरवायला लिहीत नाहीये. ॲक्सेसरीत लो सीट मिळते, आणि थोडा सराव केला की एका पायावर २३० किलो तोलता येतात, पण ते सपाट जमिनीवर.

ट्रॅक्शन कंट्रोलमध्ये जी नावाचा एक मोड आहे, ग्रॅव्हलसाठी, आणि माझ्या मते या गाडीतलं सगळ्यात कामाचं बटण तेच आहे. साधारण ट्रॅक्शन कंट्रोल मागचं चाक घसरायला लागलं की पॉवर कापतं, आणि मुरुमाच्या चढावर नेमकं तेव्हाच पॉवर कापली की गाडी जागेवर मेली म्हणून समजा. जी मोड चाकाला थोडं फिरू देतो, मागची बाजू जराशी हलते, खडी मागे उडते, पण गाडी पुढे जात राहते. नवशिक्यालाही चढ चढवून देतो आणि अनुभवी माणसाला बंधन वाटत नाही. मागच्या चाकाचा एबीएस (ब्रेक मारल्यावर चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) बंद होतो, पुढचा बंद होत नाही पण त्याची ढवळाढवळ कमी करता येते. उतारावर मागचा ब्रेक धरून चाक घसरवत यायचं असेल तर हे लागतंच.

जमीन कुठली त्यावर पुढचं सगळं ठरतं. मुरुमाचा रस्ता, धरणाच्या कडेचा कच्चा रस्ता, कोकणातल्या वाड्यांना जोडणारा लाल मातीचा रस्ता, वेल्ह्याच्या पुढे केळदकडे जातानाचा उखडलेला पट्टा, इथे ही गाडी राजासारखी चालते. स्पीड ४०-५० ठेवा, नजर लांब ठेवा, २१ इंची चाक दगड गिळत जातं. इथे वजन जाणवत नाही, उलट हलक्या गाड्या जिथे टणाटण उडतात तिथे ही जमिनीला धरून राहते. सुट्टी मोठी खडी, म्हणजे रस्ताकामासाठी टाकलेली, तिथे हँडल सैल धरायचं आणि थ्रॉटल चालू ठेवायचा, पुढचं चाक हवं तिकडे हलतं पण गाडी सरळच जाते. घाबरून थ्रॉटल सोडला की वजन पुढच्या चाकावर येतं आणि मग गाडी ऐकत नाही.

पण पायवाटेसारख्या अरुंद चढावर, वळणावर दगडांची पायरी असलेल्या ठिकाणी, ओढ्यातल्या गोल गोट्यांमध्ये, म्हणजे जिथे स्पीड १० च्या खाली येतो तिथे, २३० किलो म्हणजे २३० किलोच. इलेक्ट्रॉनिक्स काही करू शकत नाही. साडेचार सिमेंटच्या गोण्या एका बाजूला कलायला लागल्या की कितीही ताकद असू दे, एका मर्यादेनंतर सोडून द्याव्या लागतात. म्हणून म्हणतो, सह्याद्रीतल्या चिंचोळ्या ट्रेलचंच वेड असेल तर ही गाडी घेऊ नका, रॉयल एन्फिल्डची हिमालयन ४५० बघा, ४० पीएस आहे पण वजन १९६ किलो, आणि किंमत या गाडीच्या निम्म्याहून खूप कमी.

आणि काळी माती. यावर बाहेरच्या व्हिडिओंमध्ये सहसा कोणी काही बोलत नाही. सोलापूर, मराठवाडा, विदर्भ इकडे पावसानंतर पाणंद रस्त्यात शिरलात तर माती टायरला नुसती लागत नाही, थरावर थर चढत जाते. या गाडीचं पुढचं मडगार्ड चाकाला लागून आहे, खालचं, रस्त्यासाठी बनवलेलं, वरची चोच फक्त दिसायला. टायर आणि मडगार्डमधली जागा चिखलाने भरली की चाक फिरायचंच थांबतं, हँडल सरळ असूनही गाडी घसरगुंडीसारखी आडवी जायला बघते. जवळजवळ सगळ्याच मोठ्या ॲडव्हेंचर गाड्यांना हे आहे, खालचं मडगार्ड ज्यांना ज्यांना आहे त्या सगळ्यांना. मग उतरायचं, बाभळीची काडी घ्यायची आणि खरवडत बसायचं, दहा मीटर जायचं, परत खरवडायचं. शेतकरी स्वतः पाऊस उघडल्यावर दोन दिवस त्या पाणंदीत ट्रॅक्टर घालत नाही, वाफसा यायची वाट बघतो. आपणही बघावी. वाळलेल्या काळ्या मातीत मात्र ट्रॅक्टरच्या चाकोऱ्या दगडासारख्या कडक होतात, तिथे एकच चाकोरी निवडायची आणि शेवटपर्यंत सोडायची नाही.

गाडी पडणार, हे गृहीत धरा. ऑफरोडला गाडी न पाडणारा माणूस ऑफरोड करतच नसतो. त्यामुळे क्रॅश गार्ड आणि इंजिनखाली ॲल्युमिनियमची बॅश प्लेट पहिल्या दिवशी बसवा, गाडीसोबत येणारी अंडरकाउल प्लास्टिकची आहे आणि ती चिखल उडू नये म्हणून ठीक, दगडासाठी नाही. हँडगार्ड येतात पण तेही वाऱ्यापुरते, आत धातूचा बार असलेले घ्या म्हणजे लिव्हर वाचेल.

आणि उचलायची प्रॅक्टिस घरी, गवतावर, मित्राला उभं करून करा. आधी इग्निशन बंद. गाडी गिअरमध्ये, म्हणजे मागे-पुढे घरंगळणार नाही. उजव्या बाजूला पडली असेल तर साईड स्टँड आधीच बाहेर काढून ठेवायचा, नाहीतर एवढी मेहनत करून गाडी उचलाल आणि पलीकडे पाडाल. मग हँडल जमिनीच्या बाजूला पूर्ण वळवून खालचं ग्रिप टाकीजवळ आणायचं, सीटला पाठ लावून खाली बसायचं, एक हात त्या ग्रिपला, दुसरा मागच्या ग्रॅब रेलला किंवा फ्रेमला. पाठ ताठ, आणि जोर सगळा मांड्यांचा. छोटी छोटी पावलं मागे टाकत जायची. सुरुवातीचा एक फूट जड जातो, नंतर गाडी स्वतःच वर यायला लागते, आणि तिथेच लक्ष ठेवायचं. पॅनिअर भरलेले असतील तर आधी ते काढा, पाच मिनिटं जातील पण कंबर वाचेल. हे ज्याला एकट्याला जमत नाही त्याने एकट्याने कच्च्या रस्त्याला जाऊ नये, मग गाडी कुठलीही असो.

आता ट्यूब. माझ्या मते या गाडीतला सगळ्यात मोठा तोटा हाच, आणि ज्याला वाटतं की हे मी उगाच ताणतोय त्याने पंक्चर काढताना एकदा शेजारी उभं राहावं. दहिवडीहून म्हसवडकडे जाताना एका कच्च्या रस्त्याला आमच्या ग्रुपमधल्या एकाच्या मागच्या चाकात बाभळीचा काटा गेला. ट्यूबलेस असता तर काटा उपसायचा, पट्टी खुपसायची, हवा भरायची, दहा मिनिटांत गाडी चालू. इथे मागचं अख्खं चाक काढायचं. मेन स्टँड गाडीसोबत येत नाही, तो वेगळा घ्यावा लागतो, आणि त्याने घेतला नव्हता, म्हणून एका बाजूला साईड स्टँड आणि दुसऱ्या बाजूला स्विंगआर्मखाली दगड रचून चाक अधांतरी केलं. ॲक्सल नट सैल, चाक पुढे ढकलून चेन उतरवली, ॲक्सल ओढून काढला, कॅलिपरचा ब्रॅकेट सांभाळून बाजूला, एबीएसच्या सेन्सरच्या वायरला ताण नको, आणि चाक घेऊन एकाच्या स्कूटरवरून वस्तीवरच्या पंक्चरवाल्याकडे. तो ट्रॅक्टरचे टायर काढणारा माणूस, हात तयार, पण १५० मिमी रुंदीचा रेडियल टायर रिमवरून सुटायलाच तयार नव्हता, शेवटी साबणाचं पाणी ओतून दोघं टायरवर उभे राहिले तेव्हा कड सुटली. घमेल्यातल्या पाण्यात ट्यूब फिरवली, बुडबुडे आले, घासून सोल्यूशन, पॅच, परत सगळं उलट्या क्रमाने. अर्धा दिवस गेला. त्या माणसाने पैसे इतके कमी सांगितले की आम्हालाच जास्त द्यावेसे वाटले.

ट्यूबची बाजू घेणारे म्हणतात की रिम वाकली तरी ट्यूब हवा धरते, ट्यूबलेस धरत नाही, आणि पॅच कुठल्याही गावात लागतो. दोन्ही खरं आहे. पण स्पोक असूनही ट्यूबलेस चालणारी चाकं ट्रायम्फ टायगर ९०० रॅली प्रोला आहेत, म्हणजे तंत्र आहे, प्रश्न पैशांचा आहे. घेतलीतच ही गाडी तर मेन स्टँड, दोन्ही साईझच्या जास्तीच्या ट्यूब, चांगले टायर लिव्हर आणि छोटा पंप कायम सोबत हवा. आणि ऑफरोडला हवा कमी करतो आपण, पण ट्यूब आहे आणि वजन एवढं आहे म्हणून २५ पीएसआयच्या खाली नेऊ नका, दगडाच्या धारेवर ट्यूब रिममध्ये चिमटून दोन ठिकाणी फाटते.

एक गोष्ट बाईकबद्दल नाही पण बोलायलाच हवी. अशी गाडी हातात आली की कुठेही शिरता येतं, आणि म्हणूनच सगळीकडे शिरू नये. कासचं पठार असो की रत्नागिरी-राजापूरचे सडे, तिथल्या कातळावर मातीचा जेमतेम थर असतो आणि सगळी फुलं त्यावर जगतात, एकदा गाठीगाठींचा नॉबी टायर फिरला की तो थर गेला. सड्यांवर कातळशिल्पं आहेत, बरीचशी कुंपणाशिवाय उघड्यावर, चालता चालता पायाखाली येतील अशी. त्यावर गाडी घालून व्हिडिओ काढणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो. वाट असेल तिथेच चाक, आणि वनखात्याची पाटी दिसली की मागे फिरायचं.

दुसऱ्या गाड्या कुठल्या बघाव्या असं विचाराल तर होंडाची एक्सएल७५० ट्रान्सअल्प आधी चालवून बघा. ती २०२३ मध्ये ११ लाखांना आली, ७५५ सीसी, वजन २०८ किलो, म्हणजे सुझुकीपेक्षा बावीस किलो हलकी, आणि ते बावीस किलो उभं राहिल्यावर लगेच कळतात. टाकी मात्र १७ लिटरची, आणि ट्यूबचं दुखणं तिलाही आहेच. कच्च्या रस्त्याला सुझुकीचं सस्पेन्शन मला जास्त आवडतं, मागच्या सस्पेन्शनचा प्रीलोड, म्हणजे स्प्रिंगचा ताण, हाताने नॉब फिरवून बदलता येतो, पिलियन बसली की चार चक्कर फिरवा, उतरली की परत. बायको मागे बसून आंबोलीपर्यंत आली तेव्हा तिची सीटबद्दल काही तक्रार नव्हती, सामान ठेवायचा कॅरिअर पण गाडीसोबतच येतो. टायगर ९०० रॅली प्रो सगळ्याच बाबतीत वरचढ आहे, १०८ पीएस, २४० मिमीचा पुढचा ट्रॅव्हल, क्रूझ कंट्रोल, ट्यूबलेस, पण ही १०८ पीएसची आवृत्ती २०२४ मध्ये आली तेव्हाच १५ लाख ९५ हजार होती. त्या साडेपाच-पावणेसहा लाखांत ट्रेनिंग, हेल्मेट-जॅकेटसारखा रायडिंग गिअर आणि काही वर्षांचं पेट्रोल येतं, आणि मी तरी पैसे तिकडे घालीन.

टेस्ट राईड घ्याल तेव्हा शोरूमच्या समोर सिग्नलपर्यंत जाऊन परत येऊ नका. आधीच बोलून ठेवा आणि कुठलातरी कच्चा तुकडा मागा, तिथे उभं राहून पहिल्या गिअरमध्ये क्लचवर अगदी हळू आठ काढून बघा, गाडी बंद करून हाताने ढकलत एक यू-टर्न घ्या. सर्व्हिसचंही आधीच विचारा, स्कूटर विकणाऱ्या प्रत्येक सुझुकी शोरूममध्ये ही गाडी होत नाही, मोठ्या बाईकचे डीलर मोठ्या शहरांतच आहेत, त्यामुळे सांगली, लातूर, चंद्रपूरकडच्या लोकांनी सर्व्हिसला किती किलोमीटर जावं लागणार ते बघूनच बुकिंग करा. रंग घ्यायचा तर पिवळा, चिखल त्यावरच शोभतो.